पहिला अर्ज आणि अनुभवाचा रकाना

नोकरीच्या अर्जातील ‘पूर्वानुभव’ या रकान्यात पहिल्यांदाच अर्ज करणारे अनेक उमेदवार ‘नाही’ असे लिहून मोकळे होतात. वास्तविक ज्या कामाचा पगार मिळाला नाही तेही कामच असते, आणि ते नेमक्या शब्दांत मांडता येते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत रुजलेली ‘कमवा आणि शिका’ योजना, म्हणजे श्रम करून शिक्षणाचा खर्च भागवण्याची व्यवस्था, आज अनेक महाविद्यालयांत चालते, आणि तिच्यात ग्रंथालयात वा कार्यालयात केलेले काम या रकान्यात निःसंकोच लिहावे. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तासांचे समाजकार्य आणि सात दिवसांचे निवासी शिबिर अपेक्षित असते. मात्र ‘शिबिरात सहभाग’ एवढ्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, उलट ‘50 जणांच्या जेवणाचा शिधा आणला व रोजचा हिशेब ठेवला’ असे लिहिल्यास उमेदवाराची जबाबदारी पेलण्याची तयारी स्पष्ट दिसते. घरच्या किराणा दुकानाचा गल्ला सांभाळणाऱ्या मुलीनेही हा अनुभव लपवण्याचे काहीच कारण नाही. शिकाऊ उमेदवारी, म्हणजे 1961 च्या अधिनियमानुसार विद्यावेतन घेऊन आस्थापनेत केलेले प्रशिक्षण, कालावधीसह स्वतंत्रपणे नोंदवावे. न केलेले काम मात्र कदापि लिहू नये, कारण मुलाखतीत नेमके त्याविषयीच विचारले जाण्याची शक्यता असते. संदर्भासाठी नातेवाइकांऐवजी शिक्षकांचे नाव, त्यांची परवानगी घेऊनच द्यावे, आणि स्वतःचे नाव दहावीच्या प्रमाणपत्राबरहुकूम लिहावे.