मोडी लिपी कोठून आली?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की ते हेमाडपंती, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून केलेले बांधकाम हेमाडपंताचे, बाजरीचे पीक महाराष्ट्रात आणले तेही हेमाडपंतानेच, आणि मोडी लिपी तर त्याने थेट लंकेहून आणली! एका माणसाने एका जन्मात किती कामे करावीत? देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हेमाद्री पंडित हा श्रीकरणाधिप होता. राज्याचे सारे दफ्तर त्याच्या हाताखाली होते. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ त्याच्या नावावर आहे. एवढे इतिहासाला धरून आहे. परंतु लिपीची गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे, आणि तसे करण्याला केवळ जिज्ञासेपेक्षा मोठे कारण आहे.

आमच्या जांब समर्थसारख्या गावात बऱ्याच घरांत पत्र्याच्या पेटीत, फडक्यात गुंडाळलेले जुने कागद असतात. आमच्याही घरी आहेत. आजोबांना ते वाचता येत नव्हते, वडिलांना येत नाहीत. कागद जमिनीचा आहे की कर्जाचा, हे सांगायला तालुक्याच्या गावी जाणकार शोधावा लागतो, आणि तो सांगेल ते खरे मानावे लागते. २०२३ साली आपल्याच जालना जिल्ह्यातून मराठा आरक्षणाचे आंदोलन उभे राहिले. त्यानंतर शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातील जुनी दफ्तरे उघडली गेली. त्यांतले कितीतरी कागद मोडीत आणि उर्दूत होते. ते वाचणारे मोजकेच! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच भाषेत लिहिलेला कागद आपल्याला परका वाटतो, याचे एक कारण मला असे दिसते की मोडी ही कोठून तरी बाहेरून आलेली, गुप्त, अवघड लिपी आहे हा समज आपण आधीच करून घेतलेला असतो. म्हणून ती कोठून आली हे पाहणे अगत्याचे आहे.

लिपी एखाद्या थोर पुरुषाने आणली किंवा घडविली, अशी कथा केवळ आपल्याच देशात नाही. काळ्या समुद्राच्या पूर्वेला आर्मेनिया आणि जॉर्जिया हे शेजारी देश आहेत. त्यांच्या भाषांचे एकमेकींशी नाते नाही. आर्मेनियन ही आपल्या मराठीसारखीच भारत-युरोपीय कुळातली, जॉर्जियन अगदी निराळ्या कुळातली. इ. स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स नावाच्या धर्मोपदेशकाने आर्मेनियन लिपी तयार केली. त्याचा शिष्य कोर्यून याने लिहिलेल्या चरित्रात असे आहे की जॉर्जियन लोकांची लिपीही माश्तोत्सनेच केली. जॉर्जियातील जुनी बखर मात्र म्हणते की आमची लिपी आमच्या फार्नवाज राजाने, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात केली. दोन्ही बाजूंना अभिमान आहे. विद्वान मंडळी याचा निवाडा कसा करतात? ती आधी अक्षरांचा क्रम पाहतात. दोन्ही लिप्यांत अक्षरांचा मूळ क्रम ग्रीक वर्णमालेचा आहे. ग्रीकात नसलेल्या उच्चारांची अक्षरे आर्मेनियनमध्ये मध्ये मध्ये पेरली आहेत, तर जॉर्जियनमध्ये बहुतेक शेवटी जोडली आहेत. वळणे वेगळी असली तरी क्रम मुळाची साक्ष देतो. जॉर्जियन अक्षरे कोणी घडविली याचा वाद मिटलेला नाही, पण दोघींनी ग्रीक वर्णमाला समोर ठेवली होती हे त्या क्रमावरून उघड होते.

हीच रीत मोडीला लावून पाहू. मोडीचा वर्णक्रम अ, आ, इ, ई असा, आणि पुढे क, ख, ग, घ असा आहे. हा क्रम देवनागरीचा आहे. पण तोच कानडीचा, तेलुगूचा आणि सिंहलीचाही आहे, कारण या साऱ्या लिप्या ब्राह्मीच्या कुळातल्या. म्हणजे क्रमावरून फक्त कूळ कळले, घर कळले नाही. घर ओळखायचे तर अक्षराच्या अंगलटीकडे पाहिले पाहिजे. सिंहली अक्षरे वाटोळी असतात आणि त्यांच्या डोक्यावर रेघ नसते. मोडी तर रेघेवाचून सुरूच होत नाही! लंकेहून लिपी आली असती तर डोक्यावरची रेघ वाटेत कोणी दिली? तेव्हा लंकेची कथा इथेच सोडून द्यावी.

दुसरे मत इतिहासाचार्य राजवाडे यांचे. फारसीत भरभर लिहिण्याच्या वळणाला ‘शिकस्ता’ म्हणतात. शिकस्ता म्हणजे मोडलेले. त्यावरून हेमाडपंताने मोडीची कल्पना घेतली, असे ते मानीत. ‘मोडी’ हा शब्द ‘मोडणे’वरून आला असेल तर अर्थ चांगला जुळतो. पण जुळतो तो अर्थ, अक्षर नव्हे. फारसी उजवीकडून डावीकडे जाते आणि तिच्यात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. मोडी डावीकडून उजवीकडे जाते, आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार सारे तिच्यात आहे. घाईची सवय शेजाऱ्याकडून घेता येईल, पण मोडीतली अक्षरे घरचीच दिसतात. माझ्यापुरते मी असे ठरविले आहे की मोडी ही नागरीचेच धावते रूप आहे. हेमाद्रीने फार तर दफ्तरात तिला शिस्त लावली असेल. उत्तरेकडेही नागरीच्या भावंडांतून कैथी, महाजनी अशी हिशेबाची आणि कचेरीची भरभर चालणारी वळणे निघालीच आहेत. त्यांना कोणी लंकेला पाठविले नाही.

मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढतो. मग तिला अक्षरे लटकावीत जातो. अक्षर रेघेपासून खाली उतरते, वळसा घेते आणि पुन्हा रेघेला येऊन मिळते, म्हणून बोरू उचलावा लागत नाही. बालबोधीतला काना वरून खाली येतो. मोडीतला खालून वर जातो, म्हणजे पुढचे अक्षर तिथूनच धरता येते. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हा विचारच नाही: इकार सगळे दीर्घ, उकार सगळे ऱ्हस्व. (शुद्धलेखनात गुण घालविणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना ही सोय आजही आवडेल!) ग, न, ण यांसारखी अक्षरे बालबोध जाणणाऱ्याला फारशी अडवीत नाहीत. क आणि र मात्र शेजारी कोण आहे ते पाहून रूप बदलतात, आणि नवा वाचक तिथे ठेचकाळतो.

आता याच्या उलट टोक पाहावयाचे तर आमच्या गावापासून दूर जावे लागत नाही. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांबेत झाला. त्यांच्या ‘दासबोधा’तील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात बालबोध अक्षर घोटून सुंदर करण्यास सांगितले आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारखे असावे, कडेला जागा सोडावी, लेखण्या, शाई, कागद यांची सिद्धता करावी, असे बारीकसारीक सारे आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी तेच वाचता येत नाही, हा तर पोथी हाताळलेल्या माणसाचाच अनुभव. ग्रंथ पिढ्यान् पिढ्या वाचला जायचा म्हणून तो सावकाश लिहायचा. कचेरीतला हुकूम स्वाराबरोबर लगेच निघायचा म्हणून तो मोडीत. एकाच समाजात, पुष्कळदा एकाच माणसाच्या हातात, ही दोन वळणे शेजारी शेजारी नांदत होती.

मुद्दाम घडविलेली लिपी कशी असते याचेही उदाहरण मराठीत आहे. महानुभावांची सकळ लिपी रवळोबासांनी चौदाव्या शतकात केली, असे मानतात. तिच्यात एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे चिन्ह घातलेले असते, म्हणून किल्ली मिळेपर्यंत तिचे ग्रंथ बाहेरच्याला मुके होते. मोडीला अशी किल्ली लागत नाही. ती लपविण्यासाठी नव्हतीच.

मग ती गेली का? छापखान्यामुळे. श्रीरामपूरला विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण बालबोधीत छापले, आणि १८१० साली मराठीचा कोश चक्क मोडी खिळ्यांत. परंतु बोरू न उचलता लिहिण्यात जिचा सारा फायदा, ती लिपी सुट्या खिळ्यांत बसविली की फायदा उरत नाही, रूप बदलणारी अक्षरे तेवढी शिल्लक राहतात. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी बालबोध पत्करली. शाळांतून मोडी १९५० नंतर हळूहळू नाहीशी झाली. २०१४ साली संगणकाच्या युनिकोड संकेतप्रणालीत तिला जागा मिळाली. पुराभिलेख विभागाचे मोडी शिकविणारे वर्गही भरतात.

आमच्या पेटीतल्या एका कागदावर मी गेले काही महिने बसतो आहे. अक्षरे बरीचशी लागली. अडते ते दुसरीकडेच. शब्द तोडून लिहिलेले नाहीत, विरामचिन्ह एकही नाही, ‘अमक्याचा मुलगा’ याला ‘बिन’ म्हटले आहे, आणि सालाचा आकडा अरबी शब्दांत आहे. हे शुहूर साल. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. कोणता आकडा मिळवायचा ते महिन्यावर अवलंबून असते, आणि महिन्याचे नाव नेमके कागदाच्या घडीवर, जिथे तो फाटला आहे.