संगणकाच्या खोलीचे कुलूप कोण उघडणार?

आमच्या वस्त्यांतील शाळांमध्ये आम्ही जातो, तेव्हा एक दृश्य हमखास दिसते. संगणकाच्या खोलीला कुलूप! साहेब तपासणीला आले की ते उघडते, फोटो निघतो, पुन्हा बंद. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला पाणी खुले केले. आज ज्ञानाच्या यंत्राला कुलूप आहे आणि आम्ही गप्प आहोत.

लिपिकाच्या नोकरीलाही आज संगणकाचे प्रमाणपत्र लागते. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांचे भागते. आमची मुले भिंतीवरच्या पडद्यावर धडा पाहतात, कळफलकाला हात लावत नाहीत. मग राखीव जागेवर ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारायला व्यवस्था मोकळी!

केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली वसतिगृहातील मोबाईलबंदीच्या प्रकरणात इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. म्हणजे ही भीक नव्हे, हक्क आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व हवे. कलम २२ प्रमाणे सरकारी शाळांत शाळा विकास आराखडा समितीच करते.

बांधवांनो, भगिनींनो, त्या बैठकीला जा. कोऱ्या कागदावर सही करू नका. प्रत्येक मुलाला आठवड्यात किती तास संगणक मिळतो, हे लेखी विचारा. उत्तर टाळले तर २००५ चा माहिती अधिकार आहेच. चावी मागून मिळत नसेल, तर संघटित होऊन घ्यावी लागेल.

जय भीम!