‘व्ह्यू’मधली नोंद अचानक गायब का होते?

समजा, एका बँकेच्या सगळ्या शाखांची खाती डेटाबेसमधल्या एकाच टेबलात आहेत. पुण्याच्या कर्मचाऱ्याला फक्त पुण्याची खाती दिसावीत, म्हणून एसक्यूएलमध्ये ‘व्ह्यू’ तयार केला जातो आणि त्याच्या व्याख्येत ‘व्हेअर’ लिहून शाखेची अट घातली जाते. साध्या व्ह्यूमध्ये माहितीची वेगळी प्रत नसते, साठवलेली असते ती फक्त क्वेरी. त्यामुळे दर वेळी ताजी माहिती गाळून समोर येते.

गोची होते ती नोंद बदलताना. ही अट वाचताना गाळते, लिहिताना अडवत नाही. कर्मचाऱ्याने चुकून शाखेच्या रकान्यात ‘नाशिक’ टाकले, तरी डेटाबेस ते मुकाट्याने स्वीकारतो. पुढच्या क्षणी ते खाते त्याच्या स्क्रीनवरून गायब! ते पुसले गेलेले नसते, नाशिकच्या यादीत गेलेले असते. पण ग्राहक खिडकीशी उभा असताना हे कोणाला सुचणार?

उपाय जुनाच आहे. व्याख्येच्या शेवटी ‘विथ चेक ऑप्शन’ जोडले की अटीत न बसणारा बदल डेटाबेस नाकारतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मात्र ही सोय २०१४ मध्ये, ९.४ आवृत्तीत आली. शिवाय कर्मचाऱ्याला मूळ टेबलाची थेट परवानगी असेल, तर व्ह्यू असून नसल्यासारखाच.