पत्र्याखालचा कांदा

आठ दिवसांत पावसाचा थेंब नाही, आभाळ निरभ्र, आणि तरी पहाटे चाळीतल्या कांद्यावर पाणी ठिबकतंय, असं निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं फोनवर सांगितलं. त्याच आठवड्यात मी तिकडे गेले. ऑक्टोबर होता. मे महिन्यात भरलेला उन्हाळ कांदा बाहेर काढायचं काम सुरू होतं.

लासलगावच्या बाजाराला माल घालणाऱ्या गावांत दिसते तशीच ही 25 टनांची चाळ. लोखंडी अँगलचा सांगाडा, जमिनीपासून दोनेक फूट उचललेला तळ, बाजूंना वारा खेळावा म्हणून बांबूच्या पट्ट्या आणि वर पन्हाळी पत्रा. खाली बसून बाया निवड करत होत्या. गोल्टी वेगळी, कोंब आलेला वेगळा, सडका पाटीत.

सडक्या कांद्याचा वास आधी नाकात शिरतो, मग डोळ्यांत, आणि घरी आल्यावर ओढणीलाही तो राहतो. त्या वासात दिवसभर बसणाऱ्या एक मावशी होत्या. कांदा हातात घेऊन बघायचं त्यांना कारणच पडत नव्हतं. बोट लागलं की कळत होतं. वरच्या थरावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "ह्यो वीतभर थर पत्र्यानं खाल्ला, ताई. खालचा बघा, कसा खणखणीत हाये." वरचे कांदे काजळीनं काळे पडले होते आणि मानेशी मऊ झाले होते. हे काळे डागही कुठेही पडलेले नव्हते. ते ओळीत होते. वर पाहिल्यावर कारण कळलं. पत्र्याच्या पोटाशी जमलेलं पाणी उतारानं घसरत आडव्या पाइपापर्यंत येतं आणि तिथं अडून खाली पडतं. चाळीतले आडवे पाइप कांद्यावर मोजता येत होते.

"शंभर भरले की तीस जातात," शेतकरीदादा म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. शेजारच्या वस्तीवरही तोच आकडा ऐकला: शंभरात तीस. हे सगळे तीस पत्र्याच्या नावावर टाकता येणार नाहीत. कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, त्याच्यातलं पाणी उडतं, वजन घटतं. नीट न सुकवता, मान आखूड कापून भरलेला कांदा कोणत्याही छपराखाली सडतो. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय साठवणुकीसाठी 25 ते 30 अंश तापमान आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता सांगतं. चाळीला यंत्र नाही, वीज नाही. तिथं हे जे काही सांभाळायचं ते वाऱ्यानं आणि छपरानं. लोखंडी पत्र्यापेक्षा मंगलोरी कौलं किंवा सिमेंटचे पत्रे बरे, असं जाणकार सांगत आलेत. तरी पत्राच चढतो, कारण तो हलका, लवकर बसणारा आणि वादळात न फुटणारा.

मे महिन्यात भर दुपारी असा पत्रा 60 अंशांच्या आसपास सहज तापतो. बाजूंनी वारा कितीही वाहो, पत्र्याच्या पोटातून निघणारी धग सरळ वरच्या कांद्यांवर पडते. ऑक्टोबरात उलटं होतं. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आभाळाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो. हवा 20 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल, तर पत्रा दोन अंशांनी थंड झाला की त्याला घाम सुटतो. फक्त दोन अंश! कांद्याच्या श्वासातली वाफ त्यात भर घालते.

दादांच्या घरात यावरून दोन मतं होती. धाकटा भाऊ वेल्डरकडून ऐकून आला होता: पत्र्याच्या खालून चंदेरी फुगेवाली शीट मारायची. ती वाईट नाही. तिचा चकचकीत पृष्ठभाग धग अडवतो आणि दुपारी फरक पडतो. पण अशा उघड्या चाळीत ती कडेकोट बसत नाही. सांध्यांतून दमट हवा वर जाते, पत्र्याला लागते, आणि पाणी शीटच्या पाठीवर साचून भलत्याच ठिकाणी गळतं. त्या फटीत उंदीर घर करतात ते वेगळंच. पत्र्याला वरून चुना मारणं स्वस्त. त्यानं ऊन परततं, मात्र रात्रीचा घाम तसाच राहतो.

थोरल्यांनी आदल्या वर्षी अर्ध्या चाळीवर पत्र्याच्या वर उसाचं पाचट टाकून सुतळीनं बांधलं होतं. मला हेच शहाणपणाचं वाटतं. पाचट वर असलं की पत्रा उन्हालाही दिसत नाही आणि आभाळालाही. त्याचं तापमान चाळीतल्या हवेच्या जवळ राहतं, म्हणून धगही कमी आणि घामही कमी. पाचटाच्या बाजूचा माल तोलून वेगळा ठेवला नव्हता. एका चाळीवरून सिद्ध काही होत नाही, हेही खरं. पण मावशींना विचारलं तेव्हा त्या निवड करता करताच म्हणाल्या, "तिकडं पाटी लवकर भरत न्हाई."

पाचटाचे त्रास आहेत. ते दर वर्षी बदलावं लागतं, वाऱ्यानं उडतं, आणि आगीची धास्ती राहते. विजेची तार आणि चूल जवळ असेल तिथं ते टाकूच नये. पावसाळ्यात ओलं पाचट कुजतं आणि पत्रा गंजवतो, म्हणून खाली बांबू ठेवून थोडी फट सोडावी लागते. एवढं करूनही चाळीचा वारा कोंडलेला असेल तर काही उपयोग नाही. त्या गावात एका चाळीच्या पश्चिमेला पावसाच्या भीतीनं बारमाही ताडपत्री बांधलेली पाहिली; तिथं छपरावर काहीही घातलं असतं तरी कांदा घामेजलाच असता.

माझं मत दादांना सांगितलं तेच इथं लिहिते. आधी बाजू मोकळ्या करा, आढ्याशी गरम हवेला वाट द्या, पाख्या तीन फूट बाहेर काढा, म्हणजे ताडपत्रीची गरज कमी होईल. मग पैसे उरले तर पत्र्याच्या खाली न घालता वर घाला. नवी चाळ बांधणार असाल आणि कौलं परवडत असतील, तर पत्रा घेऊच नका. आणि यंदा अर्ध्याच छपरावर पाचट टाकणार असाल, तर दोन्ही बाजूंचा खराब कांदा वेगवेगळा तोला आणि वहीत लिहून ठेवा.