पाएते : संत, योयो आणि बर्फ घडवणारे हात

फिलिपिन्समधल्या सगळ्यात मोठ्या तळ्याचं नाव लगुना दे बाय. त्याच्या पूर्वेच्या काठावर, सिएरा माद्रे डोंगरांच्या पायथ्याला चिकटून पाएते नावाचं चिमुकलं गाव आहे. मनिलाहून निघालं की दोन-तीन तासांत पोहोचता येतं. गाव दिसायच्या आधी ऐकू येतं : टक्-टक्, टक्-टक्. पटाशीवर लाकडी हातोडा पडत असतो. गावाचं नावही तागालोग भाषेतल्या पटाशीवरूनच पडलंय. मार्च २००५ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया माकापागाल-आरोयो यांनी पाएतेला देशाची ‘कोरीवकामाची राजधानी’ म्हणून जाहीर केलं.

वसईचा धागा

पाएते वसवलं १५८० मध्ये, हुआन दे प्लासेन्सिया आणि दिएगो दे ओरोपेसा या दोन फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी. या फ्रान्सिस्कनांचं नाव निघालं की मराठी वाचकानं कान टवकारायलाच हवेत. त्यांच्याच मनिलातल्या संघात वसईत जन्मलेला एक तरुण ब्रदर म्हणून दाखल झाला होता : गोन्सालो गार्सिया. लगुना तळ्याच्याच काठी, लॉस बान्योसच्या गरम झऱ्यांपाशी रुग्णसेवा उभी करणारे पेद्रो बाउतिस्ता १५९३ मध्ये जपानला निघाले, तेव्हा त्यांचा दुभाषी होता हाच वसईकर. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत दोघांनाही क्रुसावर चढवलं गेलं. १८६२ मध्ये दोघे संत झाले आणि गोन्सालो गार्सिया भारतात जन्मलेले पहिले संत ठरले.

डोळे आत कसे जातात?

पाएतेची खरी ओळख म्हणजे संतांच्या मूर्ती. त्यातला सगळ्यात भारी भाग डोळ्यांचा! चेहरा पूर्ण कोरून झाला की तो मुखवट्यासारखा अलगद कापून काढतात, मागून पोकळ करून काचेचे डोळे बसवतात आणि चेहरा पुन्हा जागेवर चिकटवतात. नीट रंगवल्यावर जोड शोधूनही सापडत नाही.

कोरणारा एक आणि रंगवणारा दुसरा, अशीही रीत आहे. त्वचेचा रंग चढवणाऱ्याला ‘एन्कार्नादोर’ म्हणतात. गालाची लाली, पापणीखालची निळसर छटा, जखमेभोवतीचं काळंनिळं हे सगळं त्याच्या कुंचल्यावर असतं. काही मूर्ती नखशिखांत कोरलेल्या असतात, तर काहींचे फक्त डोकं आणि हात-पाय लाकडी असतात आणि बाकी नुसता सांगाडा. त्यावर मखमलीची, जरीची वस्त्रं चढतात, डोक्यावर केसांचा टोप बसतो. फिलिपिन्समध्ये अशा कित्येक मूर्ती चर्चच्या नसतात, घराण्यांच्या असतात. आजोबांकडून नातवाकडे जातात आणि मिरवणुकीला त्यांना सजवून बाहेर काढायचा मान आणि खर्च, दोन्ही त्या घराचे.

म्हणूनच पाएतेला जायचं तर पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात जावं. फुलांनी आणि दिव्यांनी सजलेल्या गाड्यांवरून येशूच्या अखेरच्या दिवसांतले प्रसंग माणसाएवढ्या मूर्तींच्या रूपात अरुंद गल्ल्यांतून सरकतात. काही मूर्तींना तर सांधे असतात. मूर्ती वाकते, हात हलवते आणि गर्दी एकदम स्तब्ध होते. ज्यांच्या मालकीच्या मूर्ती मिरवतात आणि ज्यांनी त्या घडवल्या, ते एकाच गल्लीत राहतात. म्युझियममधल्या काचेमागे कितीही सुंदर मूर्ती ठेवली, तरी हे नातं तिथे दिसणार नाही.

राजाची शाबासकी

पाएतेच्या मारियानो माद्रिन्यान यांनी शोकमग्न मरियेची मूर्ती कोरली. १८८० च्या दशकात ती अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात पोहोचली आणि स्पेनच्या राजाकडून तिला गौरव मिळाला. तळ्याकाठच्या गावातल्या कारागिरासाठी ही केवढी झेप!

गावातलं सांतियागो अपोस्तोल चर्चही चुकवू नका. होसे लुसियानो दान्स यांनी १८५० मध्ये रंगवलेलं स्वर्ग, पृथ्वी आणि नरकाचं भलंमोठं चित्र तिथे आहे. नरकाच्या भागापाशी लोक जास्त वेळ रेंगाळतात. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा धिप्पाड संत ख्रिस्तोफरही इथे आहे.

योयो आमचाच!

पाएतेकर छातीठोकपणे सांगतात की आजचा योयो त्यांच्याच गावात जन्मला. या दाव्यावर पैज लावायची गरज नाही, पण फिलिपिनो माणसाशी योयोचं नातं पक्कं आहे. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियात योयोचा पहिला कारखाना काढला तो पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो माणसानं. ही कंपनी पुढे डंकन या अमेरिकी उद्योजकानं विकत घेतली. जाहिरातीसाठी डंकननं अमेरिकाभर फिरवलेले योयोपटू अनेकदा फिलिपिनोच असत आणि खेळ दाखवून झाला की मुलांच्या योयोवर चाकूनं नाव नाहीतर माडाचं झाड कोरून देत.

पाएतेत ‘बाक्या’ही बनत. बाक्या म्हणजे वर पट्टा असलेल्या लाकडी खडावा, टाचेवर फुलं-पानं कोरलेल्या. रबरी स्लिपरनं त्यांना रोजच्या वापरातून हद्दपार केलं.

कागदाचा लाल घोडा

गावातल्या दुकानांत भडक रंगांचे घोडे, कोंबडे, बाहुल्या लटकलेल्या दिसतील. उचलून बघा, अगदी हलक्या! ही ‘ताका’. आधी लाकडाचा साचा कोरायचा, त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या आणि उन्हात वाळवायच्या. मग चीर देऊन कागदाचं कवच सोडवायचं, चीर बुजवायची आणि रंगवायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मारिया बागे या पाएतेच्या बाईंनी ही रीत सुरू केली, असं मानतात. घोडा बहुतेकदा लालच. साचा मात्र लाकडाचाच लागतो, म्हणजे इथेही सुरुवात पटाशीनंच!

उकाड्याच्या देशात बर्फाचे कलाकार

पाएतेत कधी बर्फ पडत नाही. तरी इथले कारागीर जगभरच्या आलिशान जहाजांवर आणि मोठ्या हॉटेलांत बर्फाचे हंस, मासे, गरुड कोरतात. कलिंगडं आणि भोपळेही त्यांच्या हातून सुटत नाहीत. लाकडात मुरलेला हात बर्फात सहज चालतो, घाई मात्र करावी लागते.

हे हात जहाजांकडे वळतात यामागे पैसा आहे, तसंच लाकूडही. संतांच्या मूर्तींसाठी कारागिरांचं सगळ्यात लाडकं लाकूड म्हणजे बातिकुलिंग. फिकट पिवळसर, पटाशीला मऊ आणि किडीला सहसा न जुमानणारं. पण जंगलं विरळ होत गेली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो आकिनो (तिसरे) यांनी देशभरच्या नैसर्गिक जंगलांतली तोड थांबवण्याचा हुकूम काढला. पूर आणि दरडींनी माणसं मरत असताना तो हुकूम बरोबरच होता. पण त्याबरोबर कारागिरांसाठी बातिकुलिंगच्या लागवडी जोमानं उभ्या राहायला हव्या होत्या, असं मला मनापासून वाटतं. झाड वाढायला वर्षं लागतात आणि तेवढा काळ कारागिराला थांबता येत नाही. आता बरेच जण सांतोलसारख्या फळझाडांच्या लाकडावरही काम करतात.

कधी जाल, काय खाल?

जानेवारीत बाल येशूच्या सणाला ‘सालिबांदा’ असते. मिरवणुकीत सगळ्यांवर पाण्याचा मारा होतो, तेव्हा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. सप्टेंबरच्या सुमाराला लांझोनेसचे घोस बाजारात येतात. पातळ सालीच्या आत पारदर्शक, आंबटगोड पाकळ्या असतात आणि पाएतेच्या लांझोनेसला मोठा मान आहे. बी कडू असते, चावू नका.

वेळ उरला तर शेजारच्या पाकिलला जा. तिथे मऊ लाकडाच्या नाजूक ढलप्या सोलून त्यांचे पंखे आणि पक्षी करतात. दुसऱ्या बाजूला थोडं पुढे लुंबान आहे. अननसाच्या पानांच्या धाग्यांच्या झिरझिरीत कापडावर तिथे हातानं भरतकाम होतं आणि फिलिपिनो पुरुषांचे लग्नाचे सदरे त्याच कापडाचे शिवतात.