तंजावरची तोफ आणि आघाततरंग

तंजावरच्या जुन्या कोटाच्या पूर्व दरवाजापाशी, बीरंगी मेडू या उंचवट्यावर, एक प्रचंड तोफ ठेवलेली आहे. भोसल्यांची राजवट तेथे येण्यापूर्वी, नायकांच्या काळात, सतराव्या शतकात ती घडविली गेली. लांबी सुमारे साडेसात मीटर. ती ओतीव नव्हे. लांब लोखंडी पट्ट्यांवर तापलेली कडी चढवून व ठोकून ती सांधलेली आहे. असे सांध्यांचे नळकांडे तोफेच्या दारूचा जोर सोसू शके, याचे श्रेय लोहारांच्या कसबाला आहेच. पण काही दारूच्या स्वभावालाही आहे.

शोरा, गंधक व कोळसा यांची ही दारू जळते; फार वेगाने, पण जळतेच. एका कणाची धग दुसऱ्याला पेटविते, वायूंचा दाब चढत जातो आणि तेवढ्या अवधीत गोळा सरकू लागतो. टी.एन.टी.ची गोष्ट निराळी. त्याच्या घट्ट गोळ्यातून आघाततरंग सेकंदाला सुमारे ६,९०० मीटर वेगाने धावतो आणि दाब दोन लाख वातावरणांच्या घरात जातो. तेथे ज्योत नव्हे, तर दाबच पुढे जातो. पाठोपाठ होणाऱ्या रासायनिक क्रियेची ऊर्जा त्याला रेटीत राहते. हाच अधिस्फोट. नवल असे की, किलोभर सुके लाकूड जाळल्यास किलोभर टी.एन.टी.च्या स्फोटाहून अधिक उष्णता मिळते! फरक आहे तो काळाचा.

पण नुसत्या दाबाने क्रिया सुरू कशी व्हावी? पदार्थ सर्वत्र सारखा तापला, तर साधारण आघात त्याला पुरत नाही. बाउडेन व योफे यांनी १९५२ च्या आपल्या ग्रंथात उष्ण बिंदूंची कल्पना विस्ताराने मांडली. स्फोटकात सूक्ष्म पोकळ्या असतात. तरंग येताच त्या चिरडतात, ऊर्जा तेवढ्याच जागी एकवटते आणि तेथील रेणू प्रथम तुटतात. अशा असंख्य ठिणग्या एकमेकींना मिळाल्या म्हणजे अधिस्फोट पुरा होतो.

खाणींतील पायस स्फोटकांत काचेचे पोकळ सूक्ष्म मणी मुद्दाम मिसळतात, ते याचसाठी. शेजारच्या सुरुंगाच्या दाबाने हे मणी आधीच फुटले, तर मूळ स्फोटक मुके होते. सुरुंग फसतो, आणि त्यातील टोपी जिवंत राहिलीच, तर ती दगडात पुढच्या पहारीची वाट पाहते.