खोका टांगला, पण उघडला कधी?

मार्च उजाडला की चिमण्यांच्या लाकडी घरट्यांना अचानक मागणी येते. शाळा वाटतात, सोसायट्या वाटतात, होतकरू नेते स्वतःचा फोटो चिकटवून वाटतात. नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांच्या ‘नेचर फॉरेव्हर सोसायटी’च्या पुढाकारानं २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिन साजरा झाला. त्यानंतर हे खोके शहरोशहरी बाल्कनीत लटकू लागले. टांगण्याचा समारंभ होतो, फोटो निघतात. उघडून साफ करायची वेळ आली की मात्र कोणी फिरकत नाही.

जुन्या घरांत हा प्रश्न नव्हता. वळचणीला, वाशांच्या बेचक्यात, कौलांखाली किंवा भिंतीवर तिरप्या टांगलेल्या तसबिरीमागं चिमणी घर करायची. दिवाळीच्या आवराआवरीत तसबीर पुसायला खाली उतरली की मागचा सुक्या गवताचा भारा आपोआप केरात जायचा. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतींनी वळचण घालवली आणि वर्षातून एकदा होणारी ती सफाईही घालवली. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२० च्या अहवालानुसार देशभराचा विचार करता चिमणी बरीचशी टिकून आहे, पण मुंबईसह सहा महानगरांत तिची संख्या हळूहळू घटते आहे. म्हणजे खोक्याची खरी गरज आहे ती शहरातच, आणि शहरात तो सांभाळणारा माणूस मिळणं सगळ्यात कठीण.

दोन-तीन विणी होऊन गेलेला खोका उघडला तर आत काय असतं? वर सुकं गवत, काथ्या, झाडूच्या काड्या. त्याखाली कबुतराची पिसं, केस, सुतळीचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, कधी पतंगाचा मांजा. सगळ्यात खाली विष्ठा आणि कोंडा यांचा करडा थर. त्यात एखादं न उबलेलं अंडं किंवा वाळून चिपाड झालेलं पिल्लू सापडतं. चिमणी एका वेळी साधारण तीन ते पाच अंडी घालते. सुमारे बारा दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पुढच्या पंधरवड्यात उडून जातात. मग तीच जोडी बऱ्याचदा त्याच जागी, जुन्यावर नवं गवत रचून पुन्हा संसार मांडते. असं होता होता आतली गादी वर चढत भोकापर्यंत येते आणि पिल्लं कावळ्याच्या चोचीच्या नि मांजराच्या पंजाच्या टप्प्यात येतात.

याहून मोठा उपद्रव डोळ्यांना सहज दिसत नाही. घरट्यात रक्त पिणारे बारीक कोळी होतात, ज्यांना माइट म्हणतात. दिवसा ते फटीत दडतात आणि रात्री पिल्लांवर चढतात. कोंबड्यांच्या खुराड्यात सापडणारा तांबडा माइट तर रक्ताचा थेंब न मिळता कित्येक महिने तग धरतो. खोका नुसता रिकामा ठेवला म्हणून तो निर्जंतुक होत नाही, तो यामुळंच.

चिमण्या यावर स्वतःचे इलाजही करतात. कोलकात्यातल्या चिमण्या घरट्यात कडुनिंबाची पानं आणून ठेवतात, हे निरीक्षण १९८१ साली ‘एमू’ या पक्षिशास्त्रीय नियतकालिकात आलं. मेक्सिको सिटीत तर सिगारेटच्या थोटकांचे तंतू सापडले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे तंतू जास्त असलेल्या घरट्यांत परजीवी कमी आढळले. पुढं त्याच संशोधकांना थोटकांमुळं पक्ष्यांच्या पेशींना इजा होत असल्याचंही दिसलं. म्हणून कोणी उत्साहानं खोक्यात तंबाखू किंवा डांबराच्या गोळ्या टाकू नयेत.

सफाई कधी करावी, यावर इंग्रजी पुस्तकं शरद ऋतूकडं बोट दाखवतात. ते इंग्लंडच्या हवेला ठीक आहे. आपल्याकडं चिमणीची वीण जवळजवळ वर्षभर कधीही होऊ शकते, जोर मात्र फेब्रुवारीपासून उन्हाळाभर असतो. त्यामुळं डिसेंबर-जानेवारी हा सोयीचा काळ. पण पंचांगापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवावा. आठवडाभर लक्ष ठेवायचं. चोचीत काडी किंवा अळी घेऊन कोणी आत जात असेल, आतून चिवचिव येत असेल, तर खोक्याला हातही लावायचा नाही. थंडीत चिमण्या नुसत्या रात्रीच्या मुक्कामालाही येतात, म्हणून काम सकाळी उन्हं वर आल्यावर काढावं.

तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. आतला केर आधी पाण्यानं शिंपडून ओला करायचा, कारण वाळलेल्या विष्ठेची धूळ उडाली की बुरशी फुप्फुसात जाऊ शकते. बाल्कनीच्या दारात बसून कोरडा खोका आपटण्याची सवय सगळ्यात वाईट. ओला केर पिशवीत बांधून टाकला की जुन्या टूथब्रशनं कोपरे खरवडायचे आणि मग उकळतं पाणी ओतायचं. फिनाईल नको, ढेकणांचा फवारा तर मुळीच नको. नंतर दोन दिवस कडक उन्हात उघडा ठेवायचा. ओलसर खोका परत टांगला तर आत बुरशीला आमंत्रणच.

खोका हातात आहे तोवर दुरुस्ती उरकावी. तळाला पाणी निचरायला भोकं हवीत. वाऱ्यासाठी छपराखाली फट हवी, नाहीतर विदर्भातल्या मे महिन्यात आत भट्टी होते; पत्र्याचा खोका तर तिथं टांगूच नये. दाराचं भोक सव्वा इंचाचं असावं. खारीनं कुरतडून ते मोठं केलं असेल, तर साळुंकी आत शिरून चिमणीला हुसकावते. अशा वेळी नेमकं सव्वा इंच भोक पाडलेली पत्र्याची चकती वरून ठोकली की काम झालं. भोकाच्या खालच्या कडेपासून तळ किमान पाच इंच खोल हवा. दारापुढची ती गोंडस दांडी काढून टाकलेली बरी, चिमणीला तिची गरज नसते आणि शिकाऱ्याची मात्र सोय होते. रंग द्यायचाच असेल तर फक्त बाहेरून.

आणि विकत घेतानाच एक पाहा: छप्पर किंवा एखादी बाजू बिजागरीवर उघडते का? चारही बाजूंनी खिळे ठोकून बंद केलेलं घरटं कितीही देखणं असलं तरी घेऊ नका.